एका भजनाच्या मिक्सिंगला चार रात्री जायल्यात, रीपरमध्ये कामाची पद्धत कशी बसवावी?

गोदाकाठ, परभणी जिल्हा

रामकृष्णहरी मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढायलोय. जरा लांबलाय पण सगळं सांगितल्याबिगर तुम्हाला अंदाज यायचा नाही.

मी गंगाखेड तालुक्यात राहतो, घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंगचं काम करतो. जनाबाईचा मुलूख असल्यामुळं भजनी मंडळांना काही तोटा नाही, एकादशीच्या आधी तर रांग लागते. लॅपटॉप जुना आहे, आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, साधी फिरणारी हार्ड डिस्क. आठ इनपुटचा इंटरफेस सेकंडहँड घेतलाय. पखवाजाला दोन माइक, पेटीला एक, बुवांना एक, टाळकऱ्यांवर दोन, एकतारीला एक आणि राहिलेला एक खोलीचा आवाज घ्यायला लांब ठेवतो. सॉफ्टवेअर रीपर, ६० डॉलरचं लायसन घेतलंय.

आवाज बरा येतो, तिथं काही तक्रार नाही. अडचण वेळेची आहे. एका मंडळाचे आठ अभंग करायला चार-चार रात्री जायल्यात. नेमका वेळ जातो कुठं म्हणून परवा वही घेऊन मिनिटं लिहीत बसलो. साडेनऊला बसलो आणि अडीचला उठलो, पाच तास. ट्रॅक तयार करणं, नावं देणं, तेच तेच प्लगिन परत लावणं यात पाऊण तास गेला. कोणती फाइल कोणत्या अभंगाची हे शोधण्यात पन्नास मिनिटं. मधीच कटकट आवाज यायला लागतो, मग बफर (कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते माप) बदल, बंद कर, चालू कर, त्यात तासभर. शेवटी एकेक अभंग वेगळा रेंडर करत (म्हणजे ऐकायची तयार फाइल काढत) बसण्यात सव्वा तास. म्हणजे पाच तासांतला जेमतेम एक तास दहा मिनिटं मी कानानं ऐकून काम केलं, बाकी सगळा वेळ माउस फिरवण्यात गेला.

याचं वाईट वाटतं ते पैशासाठी नाही. कान ताजे असतात तेव्हा मी फाइली हुडकत असतो आणि खरं मिक्सिंग करायला घेतो तवर कान शिणलेले असतात. शिणलेल्या कानाला टाळ टोचतात, मग मी टाळ कमी करत जातो, अन् सकाळी चहा घेताना ऐकलं की ते भजनच वाटत नाही, बुवा रिकाम्या खोलीत एकटे गायल्यासारखं वाटतं.

भजनाशिवाय मी म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्यासुद्धा रेकॉर्ड करायलोय, ते कुणी सांगितलेलं काम नाही, मनानंच करतो. त्यात एक वेगळीच चूक झालीय, ती नंतर लिहितो. आधी मला सांगा, तुम्ही रोजचं काम कसं करता, रीपरमध्ये असं काय काय आहे जे मी वापरत नाही, आणि लॅपटॉप बदलावाच लागणार का?

मांजराकाठ, लातूर

भाऊ, वहीत मिनिटं लिहिली ही सगळ्यात चांगली गोष्ट केली, आता कुठं हात घालायचा ते सरळ दिसायलंय.

तुमचा पाऊण तास टेम्प्लेटनं जातो. एकदाच शांतपणे बसा, आठ ट्रॅक तयार करा, नावं द्या, रंग द्या, इनपुट लावा, प्रत्येकावर तुमचे नेहमीचे इक्यू-कॉम्प्रेसर टाका पण बंद ठेवा, पखवाजाचे दोन एका फोल्डर ट्रॅकमध्ये, टाळाचे दोन एका फोल्डरमध्ये, रिव्हर्ब एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवून सगळ्यांची सेंड तिकडं द्या. मग फाइल मेनूतून प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. प्रेफरन्सेसमध्ये सांगून ठेवता येतं की नवीन प्रोजेक्ट उघडला की हाच टेम्प्लेट घे. मंडळ पायऱ्या चढून वर येईपर्यंत तुमचं सगळं तयार. एखाद्या मंडळात जास्तीचं वाद्य आलं, समजा वीणा आली किंवा कुणी बासरी घेऊन आलं, तर त्याचा ट्रॅक टेम्प्लेट वेगळा सेव्ह करून ठेवा, उजवं क्लिक करून आत घेता येतो.

फाइली हरवतात त्याचं कारण मला नव्वद टक्के माहीत आहे कारण मी पण तेच करायचो. प्रोजेक्ट सेव्ह न करताच रेकॉर्डचं बटण दाबता ना? मग रीपर त्या फाइली डॉक्युमेंट्समधल्या त्याच्या नेहमीच्या फोल्डरात टाकतं आणि सगळ्या मंडळांचं एकाच ढिगात जमा होतं. आधी सेव्ह, मग रेकॉर्ड. सेव्ह करताना प्रोजेक्टसाठी वेगळा फोल्डर कर आणि सगळा मीडिया त्यात कॉपी कर या दोन्ही खुणा टिकवा. फोल्डरचं नाव तारखेनं सुरू करा, आधी साल मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. फाइलींची नावं रोमन अक्षरात ठेवा, काही जुनी प्लगिनं देवनागरी नावाच्या फोल्डरातली फाइल उघडत नाहीत असा माझा अनुभव आहे.

आणि सव्वा तासाचं रेंडर, त्याच्यासाठी रीजन. अख्खी बैठक एकाच प्रोजेक्टमध्ये ठेवा, आठ वेगळे प्रोजेक्ट करूच नका. अभंग सुरू होतो तिथून संपतो तिथपर्यंत वेळ निवडा, शिफ्ट दाबून आर, झाला रीजन, त्याला अभंगाचं नाव. रेंडरच्या खिडकीत हद्द म्हणून प्रोजेक्ट रीजन्स निवडा आणि फाइलच्या नावाच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि रीजन असं लिहा. एक बटण दाबलं की आठही अभंग आपापल्या नावानं बाहेर पडतात. ते रेंडर क्यूमध्ये टाका अन् झोपायला जा.

संबळवाला, धाराशिव

भारी धागा. मी एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवाला आहे त्यामुळं रीपरचं जास्त सांगता येणार नाही, पण आमचं काम वेगळं आहे, मी गोंधळाला आणि वरातीला लागतात ते ठेके तयार करतो, संबळ हलगी दिमडी. आमच्यात एडिसन, म्हणजे एफएलमधलं रेकॉर्डिंगचं साधन, उघडून संबळ वाजवून घ्यायचा, तिथंच कापायचा, सरळ सॅम्पलरमध्ये ओढायचा. संबळाच्या दोन्ही बाजू वेगळ्या घ्यायच्या, बारीक आवाजाची वेगळी, ढोबळ आवाजाची वेगळी, आणि एकच ठोका पाच-सहा वेळा घ्यायचा नाहीतर मशीन वाजल्यासारखं वाटतं. हलगी तर शेकून घेतल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच रेकॉर्ड करायची, पावसाळ्यात त्याच्याही आधी उतरती.

कामाचा वेग वाढला तो दोन गोष्टींनी. एक, माझे सगळे सॅम्पल एका फोल्डरात आणि तो फोल्डर ब्राउझरमध्ये जोडलेला, त्यामुळं कुठं शोधायला जावं लागत नाही. दोन, एफ-पाच प्लेलिस्ट, एफ-सहा चॅनल रॅक, एफ-सात पियानो रोल, एफ-नऊ मिक्सर, ही बटणं बोटात बसली की माउसला हातच जात नाही.

एक सुचवू का, पखवाज ग्रिडवर बसवून क्वांटाइझ केला, म्हणजे प्रत्येक ठोका सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर ओढून बसवला, तर तुमचं एडिटिंग फार सोपं होईल, अभंगाचा एक भाग चांगला वाजला असेल तर तोच दुसरीकडं चिकटवता येतो.

काळीमाती, बीड

लॅपटॉपचं मी बोलतो, माझं रोजचं कामच ते आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

पहिली गोष्ट, कटकट आवाज आला की लोक हार्ड डिस्कला दोष देतात. हिशोब करून बघा. ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट लिहितो. आठ ट्रॅक म्हणजे सेकंदाला सव्वा एमबीच्या आतच. तासाला चार जीबीच्या थोडं वर. एवढं लिहायला जुनी फिरणारी डिस्कसुद्धा पुरून उरते. एसएसडी टाकाच, प्रोजेक्ट पटकन उघडेल, विंडोज पटकन चालू होईल, सगळ्यात जास्त फरक त्यानंच पडतो, पण कटकट त्यानं जाईलच असं नाही.

कटकट बहुतेक वेळा ड्रायव्हरची असते. इंटरफेस बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर (आवाजाची ये-जा उशीर न लावता करणारा) टाकलाय का ते बघा, तो नसेल तरच एसिओ-फॉर-ऑल. मग लेटन्सीमॉन नावाचं फुकटचं साधन दहा मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतोय ते नावानिशी दाखवतं. माझ्याकडं येणाऱ्या मशीनमध्ये निम्म्या वेळा वायफायचा निघतो. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, नाहीतर वीज वाचवायच्या नादात यूएसबी मधीच झोपी जातं.

दुसरं, उन्हाळा. आपल्याकडं मे महिन्यात खोलीतच ४० डिग्री असतं, त्यात धूळ. पंख्याच्या जाळीत धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग जानेवारीत चाललेला तोच प्रोजेक्ट मेमध्ये अडकतो. माणसाला वाटतं लॅपटॉप म्हातारा झाला. उघडून साफ करून घ्या, पेस्ट बदला, एवढ्यात काम होतं.

तिसरं, लाइट. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण आठ इनपुटचे इंटरफेस बहुतेक वेगळ्या ॲडॅप्टरवर चालतात. लाइट गेली की लॅपटॉप चालू आणि इंटरफेस बंद, बुवांची चांगली लागलेली तान गेली. एक लहान यूपीएस फक्त इंटरफेसपुरता घ्या. आणि बारीक हूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला तर अर्थिंगचा दोष आहे, ५० हर्ट्झची वीज आवाजात शिरलीय, तीन पिनचं बोर्ड नीट करून घ्या. साध्या इन्व्हर्टरवर तर हा आवाज जास्तच येतो.

रॅम ८ ची १६ करा जमलं तर. नवा लॅपटॉप नका घेऊ.

पखवाज_नांदेड

संबळवाले भाऊ, राग मानू नका पण भजनाचा पखवाज क्वांटाइझ करायचा सल्ला मला पटला नाही. आणि तो भावनेपोटी नाही पटला असं समजू नका, तांत्रिक कारण आहे.

एका खोलीत दहा माणसं बसून गातात. पखवाजाच्या माइकमध्ये टाळ शिरलेला असतो, बुवांच्या माइकमध्ये पखवाज शिरलेला असतो. तुम्ही पखवाजाच्या ट्रॅकवरची एक थाप वीस मिलिसेकंद पुढं सरकवली तर तीच थाप बुवांच्या माइकमध्ये जुन्याच जागी राहते, मग एक थाप दोनदा ऐकू येते. संबळ एकटा बसून वाजवला असेल तर ग्रिडवर जरूर बसवा, तिथं काही बिघडत नाही.

दुसरं म्हणजे अभंग एका लयीत नसतोच. संथ सुरू होतो, कडवं सरता सरता चढतो, शेवटी गजर लागला की दुप्पट होतो. ती चढणच अभंगाचा जीव आहे. मी स्वतः वाजवतो, गजराला लय कधी वाढवायची हे मी बुवांच्या खांद्याकडं बघून ठरवतो, घड्याळाकडं बघून नाही. तिथं क्लिक लावून वाजवायला सांगितलं तर हात आखडतो.

म्हणून उलटं करा, भजन ग्रिडवर बसवण्याऐवजी ग्रिड भजनावर बसवा. आधी प्रोजेक्ट सेटिंगमध्ये टाइमबेस ‘टाइम’वर ठेवा, ही पायरी विसरलात तर टेम्पो बदलताना सगळे आयटम सरकतील. मग प्ले चालू ठेवून प्रत्येक समेला एम दाबत जा, तिथं मार्कर पडतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, म्हणजे चारचे दोन बार धरा. रूपक असेल तर सात, तीन-दोन-दोन अशी विभागणी, आणि समेलाच खाली असते हे ध्यानात ठेवून मेट्रोनोमचा जोराचा ठोका कुठं पाहिजे ते तुम्ही ठरवा. मग त्या मार्करांच्या जागी टेम्पो बदलत गेलात की ग्रिड आवर्तनासोबत वाकतं. एसडब्ल्यूएस एक्स्टेंशन टाकलं तर टेम्पो मार्कर माउसनं ओढून बसवता येतात, काम लवकर होतं. अख्ख्या बैठकीला हे करायची गरज नाही, जिथं दोन टेक जोडायचेत तेवढ्याच अभंगाला करा.

टेक जोडताना आठही ट्रॅक एकदम कापायचे, एकटा बुवांचा कापायचा नाही, कारण तेच, शिरलेला आवाज. सगळे आयटम निवडून जी दाबलं की गट होतो, मग एस दाबलं की सगळे एका जागी कापले जातात. काप समेवर द्या, क्रॉसफेड लहान ठेवा, सांधा कळत नाही.

लेटन्सीबद्दल, म्हणजे वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिराबद्दल, पण एक सांगतो. वाजवणाऱ्याला हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आलं की हात बिघडतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर म्हणजे एका बाजूनं ५.३ मिलिसेकंद, आत-बाहेर धरून अकराच्या आसपास. हवेत आवाज एवढ्या वेळात पावणेचार मीटर जातो. म्हणजे पखवाज चार हातांवर नाही, खोलीच्या पलीकडच्या टोकाला वाजतोय असं वाटतं. १०२४ ला तर चौदा-पंधरा मीटर, अंगणापलीकडं. म्हणून रेकॉर्ड करताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरा, ते कॉम्प्युटरमध्ये जातच नाही. मग बफर ५१२ ठेवलं तरी वाजवणाऱ्याला फरक पडत नाही आणि तुमची कटकट पण थांबते. मिक्सिंगला १०२४ करा.

संबळवाला, धाराशिव

नाही हो दादा राग कशाचा. एकमेकांच्या माइकमधल्या आवाजाचं माझ्या डोक्यातच आलं नाही, माझ्याकडं एका वेळी एकच वाद्य असतं. ग्रिड भजनावर बसवायचं हे मी गोंधळाच्या रेकॉर्डिंगला करून बघणार, तिथं पण संबळ शेवटी चढतोच.

नवखा_हिंगोली

मी शाळेत शिक्षक आहे, मुलांच्या प्रार्थना रेकॉर्ड करतो. ऑडॅसिटी वापरतो, तेवढ्यात भागतं का का मी पण रीपर घेऊ?

मांजराकाठ, लातूर

सर, एक-दोन माइक असतील तर ऑडॅसिटी पुरेसं आहे, फुकट आहे, आणि ३.२ पासून त्यात इफेक्ट चालू आवाजावरच लावून ऐकता येतात. आठ माइक, रीजन, टेम्प्लेट असं लागायला लागलं की मग रीपर बघा, ६० दिवस वापरून मग पैसे भरायचे असतात.

ओवीवेडी, अंबाजोगाई

दादा, तुमच्या ओव्यांच्या कामाबद्दल वाचून थांबले. ती कोणती चूक झाली ते लिहा ना.

मी याच विषयावर वाचन करते म्हणून सांगते, तुम्ही मनानंच करता म्हणालात ते काम फार मोलाचं आहे. गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावी फिरून ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल यांनी त्यांचा ऑडिओ आणि मजकुराचा डेटाबेस उभा केला, आणि आज त्या लाखावर ओव्यांच्या संग्रहातल्या ओव्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर लोकांना वाचायला-ऐकायला मिळतात. आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्यासुद्धा त्यात आहेत. त्याचं मोल मोठं आहे कारण ओवीसोबत गाव, गाणारी लिहिलेली आहे. तुम्ही पण हे रोज करा. रीपरमध्ये प्रोजेक्ट नोट्स असतात, त्यात आजींचं नाव, माहेर, सासर, ओवी कुणाकडून शिकल्या, आणि लोकांना ऐकवायला त्यांनी हो म्हटलंय का, हे सगळं लिहून ठेवा. प्रोजेक्टची फाइल कुणी कुठंही नेली तरी नोट्स तिच्यातच राहतात. शिवाय एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. आजी परत तशाच गातील याची काही खात्री नसते.

गोदाकाठ, परभणी जिल्हा

ताई, विचारलंत म्हणून लिहितो.

आमच्या गल्लीतल्या एका आजींना घरातल्या जात्यावर बसवून ओव्या घेतल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं. नुसतं बसून गा म्हणलं तर त्यांना ओवीच आठवेना, खुंट्याला हात लागला की मग धडाधड यायल्या. घरी आणून ऐकलं तर जात्याची घरघर आवाजावर बसलेली. म्हणून रीपरमधलं रीएफआयआर हे नको तो आवाज काढायचं प्लगिन लावलं, सबट्रॅक्ट (वजा करायच्या) मोडवर, आणि सुरुवातीला आजी गायच्या आधी नुसतं जातं फिरतंय त्या पाच सेकंदांवरनं त्याला नॉइज प्रोफाइल शिकवलं. घरघर गेली. मला लई आनंद झाला. पण त्यातली प्रोफाइल आपोआप तयार करायची खूण काढायची असते ती मी काढलीच नाही. मग पुढं आजी गात गेल्या तसं ते त्यांचाच आवाज नॉइज म्हणून शिकत गेलं आणि पुसत गेलं. चौथ्या ओवीपर्यंत आवाज पाण्याखालून आल्यासारखा. मी ते तसंच रेंडर करून आजींच्या नातवाला दिलं, घाईत शेवटपर्यंत ऐकलंच नाही. नातवानं काही म्हणलं नाही. ते आठवलं की आजबी चुकल्यासारखं वाटतं.

मूळ फाइल धडधाकट आहे, रीपर मूळ फाइलला हात लावत नाही, एवढं बरं.

पखवाज_नांदेड

घरघर काढायचीच कशाला? जातं हाच त्या ओवीचा ठेका आहे. आजीला खुंटा धरल्याशिवाय ओवी आठवली नाही हे तुम्हीच लिहिलंय.

मांजराकाठ, लातूर

अगदी. पुढच्या वेळी दोन माइक लावा, एक जमिनीलगत जात्याकडं, एक आजींच्या तोंडाजवळ वीतभर अंतरावर. तोंडाजवळच्या माइकला ८०-१०० हर्ट्झखाली हाय-पास लावा, दगडाचा खालचा दणका जातो. मग जातं किती पाहिजे ते तुमच्या हातात राहतं. खरा नॉइज म्हणजे सीलिंग फॅन आणि ट्रॅक्टर, त्यावर उपाय एकच, पहाटे जा. बाया दळायच्या त्याच वेळेला, हिवाळ्यात तर पंखा पण लागत नाही.

गेन पण कमी ठेवा, २४ बिट असल्यावर शिखर उणे १२ डीबीच्या आसपास राहिलं तरी काही बिघडत नाही. टाळांच्या बाबतीत तर हे पाळाच, टाळाचा ठोका मीटरवर दिसायच्या आत क्लिप होऊन (फाटून) गेलेला असतो.

गोदाकाठ, परभणी जिल्हा

महिना झाला, काय काय केलं ते सांगायला आलोय.

एसएसडी टाकली, पंखा साफ करून घेतला, जाळीतनं निघालेली धूळ बघून मलाच धक्का बसला. लेटन्सीमॉननं वायफायच दाखवला, काळीमाती दादांनी सांगितलं तसंच निघालं. इंटरफेससाठी लहान यूपीएस घेतला, आणि परवा काकड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये लाइट गेली तेव्हा मंडळी अंधारात गातच राहिली, मी मोबाइलचा उजेड पाडला, एक सेकंद पण गेलं नाही.

टेम्प्लेट केला. रीजन करून रेंडर क्यूला लावतो. प्रश्नचिन्ह दाबलं की ॲक्शन लिस्ट उघडते हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं, तिथं कस्टम ॲक्शन करून एकाच बटणात सगळे आयटम निवड, कर्सरवर काप, निवड काढ, असं बसवलंय. पूर्ण मिक्स झालेले ट्रॅक फ्रीझ करतो (प्लगिनसकट तात्पुरते पक्के करून ठेवतो), प्रोसेसरवरचा भार एकदम उतरतो, आणि बदलायचं असलं की अनफ्रीझ. रेंडरमध्ये लाउडनेस (आवाजाचा सरासरी जोर) उणे १४ एलयूएफएसला ठेवतो कारण युट्यूब त्याच्यापेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, उगी लिमिटर दाबून काय फायदा नाही. फक्त एक ध्यानात आलं, प्रत्येक अभंग वेगळा उणे १४ ला आणला तर सुरुवातीचा शांत अभंग आणि शेवटचा गजर एकाच जोराचे होतात. म्हणून आता सगळ्यांना मिळून एकच गेन लावतो.

आता आठ अभंगांना दीड रात्र लागते. पहिली रात्र फक्त कापणं, नावं, टेक जोडणं, कान लावून मिक्सिंग करतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून दोन तास मिक्स. ताज्या कानाला टाळ टोचत नाहीत, जिथं पाहिजेत तिथंच ठेवतो. मागच्या मंडळाच्या बुवांनी ऐकून पहिलं वाक्य म्हणलं, टाळ घरच्यासारखे वाजायलेत.

आणि आजींकडं परत गेलो, पहाटे पाचला, दोन माइक घेऊन. अठ्ठावीस ओव्या दिल्या. मिक्स करून काल त्यांना मोबाइलवर ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होत्या, मधीच म्हणल्या, वैरण कुठं गेली? मला कळेना. मग सांगितलं, ओवी सरली की जात्यात मूठभर दाणे टाकायला हात थांबतो, जातं हळू होतं, रिकामं जातं दगडावर दगड खरडल्यासारखं वाजतं, आणि वैरण पडली की परत भरीव घरघर. मी त्या सगळ्या जागा मोकळ्या समजून रिपल डिलीटनं (कापलं की पुढचं आपोआप मागं सरकतं त्यानं) कापून टाकल्या होत्या, ओवीला ओवी चिकटवली होती. आजी म्हणल्या, एवढ्या भराभर कोण दळतं, बाईला दम नको का.

आता त्या जागा परत आणायच्यात. अनडू तर प्रोजेक्ट बंद केल्यावर गेलं. मूळ रेकॉर्डिंग आहे पण अठ्ठावीस ओव्यांचं सगळं इक्यू-ऑटोमेशन नव्या कापलेल्या जागांवर बसवलंय, परत पहिल्यापासून करावं लागणार का?

मांजराकाठ, लातूर

नाही लागणार. तुमच्या प्रेफरन्सेसमध्ये वेळेच्या शिक्क्याची ऑटो-सेव्ह चालू असेल तर दर काही मिनिटांनी बॅकअप फाइल पडत असेल. प्रोजेक्टच्या फोल्डरात बघा, कापाकापीच्या आधीची फाइल दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. तिथनं ओव्यांच्या मधले तुकडे आठवणीनं दोन्ही माइकचे मिळून कॉपी करा. नव्या प्रोजेक्टमध्ये सगळ्या ट्रॅकचं रिपल एडिटिंग चालू ठेवून त्या त्या सांध्यावर जागा करा म्हणजे पुढचं सगळं, ऑटोमेशनसकट, सोबत सरकेल. फक्त ऑप्शन्स मेनूत आयटमसोबत एन्व्हलप पॉइंट (ऑटोमेशनचे ठिपके) हलवा ही खूण आहे का ते आधी तपासा. आणि सुरू करायच्या आधी प्रोजेक्ट नव्या नावानं सेव्ह करा.

भविष्यासाठी अनडू हिस्टरी प्रोजेक्टसोबत सेव्ह करायची सोय पण आहे, ती चालू करून टाका.

ओवीवेडी, अंबाजोगाई

दादा, नोट्समध्ये हे पण लिहा की वैरणीच्या जागा आजींनी सांगून परत घातल्या. पुढं ऐकणाऱ्याला ते कळायला पाहिजे.

गोदाकाठ, परभणी जिल्हा

ताई लिहिलं, आजींच्याच शब्दांत.

मांजराकाठ दादा, फाइल सापडली. कापायच्या आधीची, रात्री सव्वाअकराची. सत्तावीस जागा आहेत, सगळ्या शाबूत. नऊ बसवून झाल्यात, एन्व्हलपची ती खूण बंदच होती, बरं झालं आधी सांगितलंत. बाकीच्या उद्या सकाळी सहाला.